हिरव्या दोऱ्याचा शेवट

वर्ध्याजवळच्या पिपरीत राहायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या घरातून हुंदके ऐकू आले. साधेसुधे नाहीत, पदर तोंडात कोंबून आवरलेले आणि तरीही फुटणारे. मी कणीक मळत होते. म्हटलं, झालं, कोणीतरी गेलं. पीठ माखलेल्या हातांनीच धावले. ओसरीवर एक ठेंगणी, गोरीपान बाई बसलेली, डोळे सुजलेले, आणि तिच्यापुढे तिचा नवरा पाण्याचा पेला घेऊन अपराध्यासारखा उभा.

"कोण गेलं हो?" मी हळूच विचारलं.

"घोडा," ती म्हणाली.

या वस्तीत घोडा कोणाकडे? लग्नाच्या वरातीत लावतात तसला असावा, म्हणून मी विचारलं, "कधी?"

"आत्ताच. पान उलटवलं अन् गेला. नदी पार करून देल्ली बिचाऱ्यानं त्याले, अन् काठावर येऊन पाय मोडून पडला व माय!" आणि पुन्हा हुंदका. तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या मांडीवरच्या जाडजूड पुस्तकाकडे गेलं. मुखपृष्ठावर तलवार, महाल आणि कमलपत्राएवढे डोळे असलेली एक राजकन्या.

नवरा बिचारा चाचरत म्हणाला, "मधातलं मले मालूम नव्हतं." मग जरा थांबून, "पन शेवटी होते ठीक. तू वाच पुढं."

हे असं का बोलतो माणूस, ते मला त्या दिवशी काही कळलं नाही. मी तणतणत घरी आले. मी गणिताची मास्तरीण. कागदावरचा घोडा मेला म्हणून त्या घरी चूल पेटली नाही आणि नवऱ्याने कोपऱ्यावरच्या टपरीवरून पोहे आणले, हे समीकरण काही केल्या मला सुटेना.

ही माझी आणि शकूकाकूंची पहिली भेट. नाव शकुंतला, पण सगळी वस्ती शकूकाकूच म्हणायची. सावंगीच्या दवाखान्यात शिवणखात्यात होत्या. ऑपरेशनला लागतात त्या हिरव्या चादरी, हिरवे डगले शिवायचे, फाटलेले सांधायचे, हे काम. संध्याकाळी घरी आल्या की हातपाय धुऊन चष्मा लावायचा आणि थेट कुठल्यातरी गडावर जाऊन बसायचं. त्यांना दुसरं काही वाचायला आवडत नसे. देवाधर्माचं नाही, रहस्यकथा नाहीत, वर्तमानपत्र तर नाहीच. फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि त्याही प्रेमाच्या. लढाई चालेल, पण लढाईला निघताना कोणीतरी कोणाकडे वळून पाहिलं पाहिजे.

"नुसत्या तलवारी काय वाचाच्या?" त्या म्हणायच्या. "तो कोनासाठी लढून राह्यला ते तं मालूम पाह्यजे!"

कादंबरीत काय चाललंय ते आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघराच्या वासावरून कळायचं. राजकन्येचं लग्न जमलं की शिरा. नायक परमुलखात गेला की साधा वरणभात. आणि गडाला वेढा पडला की रोज झुणका-भाकर. एकदा वेढा लांबला. काका कुंपणावरून मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडं वांगे गिंगे काई केले असतीन तं वाटीभर द्या ना." मी वाटी भरून दिली, तेवढ्यात काकू बाहेर आल्या.

"लाज नाई वाटत? वरते गडावर लोकं पानी पिऊन राह्यले, अन् तुमाले भरले वांगे पाह्यजेत?"

काकांनी वाटी मुकाट्याने परत केली. दोन घरं ओलांडून राहणारी गंगाबाई भाजी पिकवणारी, रोज वर्ध्याच्या बाजारात बसायची. तीसुद्धा कुंपणाशी थांबून विचारायची, "काकू, वेढा उठला का व? उठला असन तं ढेमसे देतो, ताजे हायेत." गंगाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. पण तिच्याइतकं जीव लावून ऐकणारं माणूस मी अख्ख्या नोकरीत एकाही वर्गात पाहिलं नाही.

काका म्हणजे अगदी उलट तऱ्हा. शेतकी खात्यात कारकून, बोलणं मोजकं, तेही बहुतेक पावसापाण्याचं. काकूंनी एकदा हट्ट धरला होता म्हणे, की मला एकदा तरी 'प्रिये' म्हणून हाक मारा. काकांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सांबार संपला का? आनतो." आणि पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला निघून गेले. हे सांगताना काकू इतक्या हसायच्या की चष्मा नाकावरून घसरायचा. पण दर शनिवारी ऑफिसातून येताना काका वाचनालयात जायचे, काकूंचं जुनं पुस्तक परत करायचे आणि नवं आणायचे. काकू स्वतः कधी गेल्याच नाहीत. "तुमीच आना. तुमच्या हाताले यश हाय, एकबी पुस्तक खराब निंगत नाई."

काकूंच्या डोक्यात या सगळ्या कथा इतक्या भिनलेल्या की रस्त्याने चालताना त्यांना पडकी भिंत दिसली तरी तिच्यामागे कोणीतरी ताटकळत उभं असायचंच. आम्ही बायका एकदा गिरडला गेलो होतो, टेकडीवरच्या दर्ग्याला. वाटेत चहाला थांबलो तिथे एक जुनी दगडी विहीर होती. झालं! काकूंनी चहा हातात धरूनच सुरू केलं. या पायऱ्यांवर एक पाटलाची पोर पाणी भरायला यायची, आणि एक स्वार रोज घोडा पाजायच्या निमित्ताने यायचा. घोड्याला तहान नसली तरी यायचा. चहावाला किटली बाजूला ठेवून ऐकत बसला. पुढच्या वर्षी आम्ही तिथेच थांबलो, तर तोच चहावाला एका नागपूरच्या कुटुंबाला विहिरीवर नेऊन सांगत होता, "इथं पाह्य भाऊ, याच पायरीवर बसे ती. जुनी गोठ हाय, आमच्या आजोबापासून चालत आली." मी काकूंना कोपर मारलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. पुढे होऊन त्याला म्हणाल्या, "घोडा पांढरा होता. ते सांगाले इसरला तू."

मग काका गेले. तुरीच्या शेंगा बाजारात आल्या होत्या, तेव्हा. सकाळी अंगणात शेंगा सोलत बसलेला माणूस दुपारी नव्हता. काकूंनी पुस्तकाला हात लावणं सोडलं. घरातून ना शिऱ्याचा वास ना झुणक्याचा. मला त्या कादंबऱ्यांचा मनापासून कंटाळा, पण खरं सांगते, त्या घरी एकदाचा वेढा पडावा असं मला वाटायला लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या एक दिवस स्वतःच वाचनालयात गेल्या. चित्र पाहून एक कादंबरी आणली, महालाची. आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तरातरा माझ्याकडे आल्या. रडत नव्हत्या, चिडल्या होत्या.

"मास्तरीणबाई, हे पाह्य. हे छापतानी चुकलं."

"काय चुकलं?"

"शेवट दुसऱ्याच पुस्तकाचा लागला याले. सरदार मरते! गडाच्या पायरीवर! अन् ती बुरुजावरून उडी टाकते! असं कुठं असते का?" त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून शिवणकामाच्या नजरेने बांधणी तपासली होती. "टाके तं बरोबर हायेत. म्हंजे छापखान्यातच घोळ झाला."

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं. इतकी वर्षं कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईला कादंबरीत नायक मरतो हे माहीतच नव्हतं! त्या खराब प्रत बदलून घ्यायला निघाल्या, म्हणून मीही सोबत गेले. वाचनालयात भोयर भाऊ नावाचे एक शांत गृहस्थ टेबलाशी बसायचे. त्यांनी पुस्तक चाळलं.

"काकू, पुस्तक बरोबर हाय. अशा शेवटाचे तं पुष्कळ हायेत आपल्याकडे. सारं कपाट भरलं हाय."

"मंग मले काऊन नाई भेटलं कधी?"

भोयर भाऊ जरा घुटमळले. मग खिडकीजवळच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "काका तिथं उभे राहत. एक एक पुस्तक काढून शेवटचे पानं वाचत. चांगलं झालं असन तरच नेत. नाई तं ठेवून देत. कधी कधी डोळे पुसत ठेवत."

काकू तिथल्या बाकावर बसल्या. भोयर भाऊंनी पंखा वाढवला, मी उगाच भिंतीवरचे नियम वाचत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, आम्हा दोघांना नव्हे, त्या कपाटाला, "प्रिये म्हनाले लाजत होता, अन् इथं उभा राहून रडत होता."

घरी येताना रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. "मी तिकडे शिरा खाऊन राह्यलो," त्या म्हणाल्या, "अन् ते सारे मेलेले लोक त्यानं एकट्यानं सोसले व."

त्या संध्याकाळी त्यांनी ती कादंबरी पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचली. मग सुई काढली. शिवणखात्यातून निवृत्त होताना मैत्रिणींनी हौसेने दिलेलं हिरव्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ होतं त्यांच्याकडे. शेवटची पानं एकत्र धरून कडेने त्यांनी कच्चा धावदोरा घातला. सरदार गडाच्या पायरीवर पोचायच्या आधीच पुस्तक बंद.

तेव्हापासून हाच नेम. शेवट वाईट निघाला की आधी दार लावून स्वतः वाचायचा, पोटभर रडायचं, तोंड धुवायचं, आणि मग शिवायचा. मी म्हटलं, "अहो, शिवायचाच आहे तर तुम्ही तरी कशाला वाचता?"

"त्याईच्यासाठी कोनीतरी रडाले नाई पाह्यजे का? एवढे जिवानं गेले बिचारे."

दुपारी त्यांच्या अंगणात बायका जमायच्या. कोणी मेथी निवडायची, कोणी तांदूळ. काकू वाचून दाखवायच्या, आणि हिरव्या दोऱ्यापाशी आल्या की पुस्तक मिटून पुढचं तोंडी सांगायच्या. त्यांच्या शेवटात सरदार नुसता जखमी व्हायचा, राजकन्येला बुरुजाखाली गवताची गंजी सापडायची. गंगाबाईला तर सगळं खरं वाटायचं. उठताना ती समाधानाने पदर झटकायची, "बरं झालं बापा वाचला. मले रातभर झोप नसती लागली."

भोयर भाऊंनी मात्र डोक्याला हात लावला. पुस्तकं वाचनालयाची, अशी शिवून कशी चालतील? काकू म्हणाल्या, "कच्चा टाका हाय. एक ओढला का सारा निंगते. ज्याले रडाचं हाय त्यानं उसवावा." आणि झालं भलतंच. सावंगीच्या होस्टेलवरच्या पोरी यायला लागल्या आणि टेबलाशी विचारायला लागल्या, "भाऊ, हिरव्या दोऱ्याचं आहे का एखादं?" त्या वयात रडायला आवडतंच. भोयर भाऊंनी मग तक्रार सोडून दिली. पोरी उसवायच्या, पुस्तक परत आलं की काकू पुन्हा शिवायच्या.

एका पुस्तक प्रदर्शनातून काकूंनी स्वतःसाठी एक कादंबरी घेतली. वाचनालयाची नव्हे, हक्काची. तिचं नाव मी सांगत नाही, तुम्हाला कधी वाचायची झाली तर शेवट कळून बसेल. किल्लेदाराची लेक केतकी आणि तोफखान्यावरचा सुभानजी यांची गोष्ट. हे एवढं जाड पुस्तक! काकूंनी ते कपाळाला लावून ट्रंकेत ठेवलं. डोळे हल्ली दगा देत होते. "ऑपरेशन करून घेतो, मंग नव्या डोळ्यानं वाचतो," म्हणाल्या.

पण ते मोतीबिंदूवर भागणारं नव्हतं. रक्तातल्या साखरेने डोळ्यांचा पडदाच खाल्ला होता. ओळीच्या मधला शब्द दिसेना, मग ओळच दिसेना. डॉक्टर भला माणूस. त्याने शांतपणे सांगितलं की आहे तेवढं जपू, गेलेलं परत येणार नाही. काकूंनी एकच विचारलं, "एक कादंबरी होईन का, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

मी त्यांना मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. एक भारदस्त आवाजाचा माणूस वाचायला लागला. काकूंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "याले बंद कर. केतकीसारखी पोट्टी याच्या तोंडून बोलली तं सुभानजी पयून जाईन." शिवाय ती कादंबरी त्यात नव्हतीच.

मग काकूंच्या लग्न होऊन नागपूरला गेलेल्या लेकीचा फोन आला. तिने आईला तिकडे न्यायचं ठरवलं होतं, आणि तिचं बरोबरच होतं. अंधारात चाचपडणारी आई एकटी किती दिवस ठेवणार? रविवारी गाडी घेऊन येणार होती. काकूंनी ट्रंक उघडून चाचपत ती कादंबरी काढली आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, जायच्या आंधी हे होऊ दे. तिकडं लेक जावई दोघंबी नोकरीवर. कोन वाचन मले?"

मी! ज्या मी आयुष्यभर या राजकन्यांना नावं ठेवली! पण नाही कसं म्हणणार. शाळेतून आले की वाचायला बसायची. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "तू तं सिद्धता वाचल्यासारखी वाचून राह्यली. थांब ना. ती त्याच्याकडं पाहून राह्यली आता. पाहू दे तिले." मग मी थांबायला शिकले. दुपारच्या बायकाही येऊन बसायच्या. गडाला वेढा पडला तेव्हा काकूंच्या हुकमावरून मी माझ्या घरी झुणका केला. माझ्या नवऱ्याने ताटाकडे पाहिलं आणि बिचारा निमूट जेवला.

शनिवारी शेवटची थोडी पानं उरली. त्या दिवशी बायका यायच्या आत काकूंनी मला बोलावून घेतलं, नेमाप्रमाणे शेवट आधी एकटीने ऐकायला. दार लावलं. मी पुस्तक उघडून पुढच्या पानांवर नजर टाकली. सुभानजी मरत होता. तोफेशेजारी, केतकीचं नाव घेऊन. आणि केतकी तिकडे वाट पाहत होती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

उद्या ही बाई घर सोडून जाणार. तिचं शेवटचं पुस्तक, आणि त्याचा हा असा शेवट! माझं डोकंच फिरलं. मी पान उलटवलं आणि मनचं सुरू केलं.

"आणि... तोफ उडाली. पण सुभानजी बाजूला झाला. मग तो नदी ओलांडून केतकीकडे आला. मग त्यांचं लग्न झालं. त्यांना दोन मुलं झाली. थोरल्याला तोफखान्यात नोकरी लागली. समाप्त."

काकू गालातल्या गालात हसल्या. "नोकरी लागली? पेन्शनबी लावून दे व बाई." मग हात पुढे करून त्यांनी पुस्तक घेतलं. उरलेली पानं अंगठ्याखाली सुर्रकन सोडली. त्यांच्या बोटांना कळायला काही डोळे लागत नव्हते.

"चांगला केला शेवट," त्या म्हणाल्या. "बायकाईले हाच सांगू. आता खरा वाच."

"काकू, नको ना."

"तू वाचला ना? मनातल्या मनात? मंग मलेबी वाचून दाखव. या घरातल्या एकानं एकट्यानं वाचलं, तेवढं पुरे झालं."

मी वाचलं. गणिताची मास्तरीण, पन्नाशी उलटलेली बाई, एका तोफखान्यावरच्या माणसासाठी हमसून हमसून रडले, कबूल करायला मला लाज नाही. काकू माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. मग आम्ही दोघींनी तोंड धुतलं.

"दोरा ओवून दे," त्या म्हणाल्या.

मी हिरवा दोरा ओवून दिला. न बघता, नुसत्या बोटांनी, त्यांनी शेवटची पानं शिवली. टाके सरळ रेषेत आले नाहीत. पूर्वी आले असते.

मग मी शिरा करायला घेतला, कारण लग्न होतं. बायका आल्या. काकू ओसरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या आणि सुभानजीला नदीपार करून आणलं. माझ्या एका वाक्यातल्या लग्नाला त्यांनी मांडव घातला, सनई लावली, वरातीला पांढरा घोडा दिला. धाकट्या मुलाला गाता येत होतं, असंही त्यांनीच घातलं. मी दारात कढई घेऊन उभी होते. गंगाबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली होती.

गोष्ट संपली तरी ती उठेना. काकू उद्या जाणार हे तिला ठाऊक होतं. जरा वेळाने ती माझ्याकडे वळली.

"मास्तरीणबाई, तुमी सोता वाचलं ना? खरंच वाचला का व तो?"

काकूंचा अंगठा पुस्तकाच्या कडेवरून टाक्याटाक्यावर फिरत होता, तो थांबला. त्यांनी मान मी उभी होते त्या दिशेने किंचित वळवली.

"हो," मी म्हटलं. "वाचला. शेवटी सगळं ठीक झालं."

"घे मंग शिरा, गंगे," काकू म्हणाल्या. "गरम हाय तवर खा."